आजचे मनन : रमाबाईंची हिब्रू

आजचं वाचन : अनुवाद ६:४-९



आजच्या सहा वचनांत मोशे एक साधीच गोष्ट सांगतो. देवाचे शब्द उपासनेच्या वेळेपुरते ठेवायचे नाहीत. ते मुलाबाळांना शिकवायचे, आणि शिकवायच्या जागा कोणत्या, तर घर, रस्ता, अंथरूण, दाराची चौकट. वर्ग नाही, फळा नाही. हा शास्त्रभाग आला की मला पंडिता रमाबाई आठवतात. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात, आणि त्या होत्याच. पण आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यात घालवली, हे आपल्या मंडळीतही फार जणांना ठाऊक नसतं. म्हणून आज थोडं त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या हिब्रूविषयी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. जागा गंगामूळ, कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात. आपल्या जावळीत राहणाऱ्याला ते रान कसं असेल हे वेगळं सांगायला नको. वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी ते पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. बाईमाणूस संस्कृत म्हणतं आहे हे अनंतशास्त्र्यांनी तिथं प्रथम पाहिलं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यावरून गदारोळ झाला, धर्मशास्त्र्यांपुढे उत्तरं द्यावी लागली, ती त्यांनी दिली. रानात जाऊन राहिले ते तेव्हाच.

रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तोवर वडील थकले होते, म्हणून आईनं शिकवलं. कसं? तर पहाटे. दिवसाची कामं सुरू व्हायच्या आत, अंधार असताना, लहान मुलीला कुशीत घेऊन. झाडावर पाखरं बोलायला लागली की तेच घड्याळ. पुस्तक हातात नाही. आई म्हणणार, मुलगी म्हणणार. व्याकरण, कोश, भागवत असं करत करत हजारो श्लोक तोंडपाठ झाले. उठताना, वाटेत, झोपताना हे जे आजच्या वाचनात आहे ते डोंगऱ्यांच्या घरात अक्षरशः चाललं होतं, फक्त ग्रंथ वेगळा होता.

आणि वाट तर रोजचीच. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगरावरून खाली आणलं, त्यानंतर या कुटुंबाला कायमचं घर असं राहिलंच नाही. तीर्थाहून तीर्थाला पायी जायचं, देवळात नाहीतर घाटावर पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं. मराठी घरातली. कन्नड, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा रमाबाईंना चालता चालता आल्या. भाषा शिकायची म्हणजे आधी खोली, टेबल आणि क्लासची फी लागते, असं आमच्या पिढीला वाटतं. या बाईला यातलं काही लागलं नाही.

१८७४ च्या दुष्काळात वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग थोरली बहीण गेली. उपास, झाडपाला, भीक मागायची लाज. राहिले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. दोघं पुन्हा चालू लागले, पार उत्तरेपर्यंत, आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. वय चोवीससुद्धा पुरं नाही.

कलकत्त्यात असताना एका ख्रिस्ती बैठकीत त्यांना पवित्र शास्त्राची एक प्रत भेट मिळाली होती. ती संस्कृतात होती. म्हणजे ज्या भाषेत त्या पंडिता, त्याच भाषेत. दोघा भावंडांनी ती उघडली, थोडी वाचली आणि बाजूला ठेवली. ते संस्कृत त्यांना ओळखीचंच वाटेना. नंतर आसामात सिल्चरला नवऱ्याच्या घरी एक छोटं पुस्तक हाती लागलं, लूकचं शुभवर्तमान, बंगालीत. ते मात्र आवडलं. पुण्याला आल्यावर नवा करार मराठीतून शिकल्या. इंग्लंडला गेल्यावर सगळं इंग्रजीत. १८८३ मध्ये २९ सप्टेंबरला वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. एकच पुस्तक, आणि ते त्यांच्यापुढे येताना दरवेळी वेगळ्या भाषेचं लुगडं नेसून आलं. कुठल्या भाषेत ते आपलं वाटतं आणि कुठल्या भाषेत परकं, हे त्यांच्याइतकं कुणी स्वतःवर अनुभवलं असेल असं मला वाटत नाही.

इंग्लंडला त्या खरं तर डॉक्टर व्हायला गेल्या होत्या. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होतं, आणि त्यामुळे वैद्यकीचं शिक्षण सोडावं लागलं. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या, तिथं संस्कृत शिकवलं. तिथून १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ साली तिथंच निघालं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून वर्तमानपत्रांतून, विशेषतः केसरीतून, जोराची टीका झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. हा सगळा भाग बहुतेकांनी वाचलेला असतो, म्हणून मी पटकन पुढे जातो.

पुढे म्हणजे केडगावला. पुण्याहून दौंडच्या वाटेवर. तिथली जमीन घेतलेली होती. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी आई-वडील दुष्काळात घालवलेले होते, त्यामुळे दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना बातमीतून समजून घ्यावं लागलं नाही. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. मुक्तीमधली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरं, तेलाचा घाणा, हातमाग, बेकरी, धोबीकाम, छापखाना. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन.

आता हिब्रू. तशी ती मराठी मुलखाला नवी नव्हती. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. घरात बोलायचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या शास्त्र्यांपासून लांब राहिल्यामुळे हिब्रू जवळजवळ विसरले होते, पण एक प्रार्थना तेवढी तोंडातून जाऊ दिली नाही. तिला शमा म्हणतात. शमा म्हणजे ऐक. ती आजच्याच वाचनाच्या पहिल्या वचनापासून सुरू होते. मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं ते १८३२ साली, रमाबाईंच्या जन्माच्याही सव्वीस वर्षं आधी. रमाबाईंनी स्वतःही मुलींसाठी मराठीतून इब्री भाषेचं व्याकरण लिहिलं.

१९०५ च्या आसपास, म्हणजे वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, त्या भाषांतराच्या कामाला बसल्या. मुक्तीत संजीवन आलं तेही याच वर्षी, त्याच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. हे दुसरं काम त्या मानानं मुकाट्यानं चाललं. बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं, उजवीकडून डावीकडे वाचायची. स्वर म्हणजे अक्षराच्या खाली-वर दिलेले ठिपके आणि रेघा. मूळच्या गुंडाळ्यांत तेही नसत, शब्द आधी ठाऊक असेल तरच वाचता येणार. जुने मोडी कागद चाळणाऱ्याला याची थोडी कल्पना येईल, तिथंही ऱ्हस्व-दीर्घ वाचणाऱ्यानंच समजून घ्यायचं असतं. हिब्रू शब्द बहुतेक तीन अक्षरांच्या धातूवर उभे राहतात. धातू, त्यावरून क्रियापद, त्यावरून नाम, ही रीत आईच्या कुशीत संस्कृत पाठ केलेल्या बाईला परकी वाटायचं कारण नव्हतं. फरक एवढाच की संस्कृत कानांनी आलं होतं आणि आता कान साथ देत नव्हते. हिब्रू डोळ्यांनी शिकायची होती.

आणि ती रोजच्या धबडग्यातच. सकाळी धान्य मोजायचं, आजारी मुलींकडे बघायचं, पत्रं लिहायची, आणि त्यात मधे मधे हे. काही मुलींना त्यांनी ग्रीक आणि हिब्रू शिकवली, कामात मदत व्हावी म्हणून. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायकाच करत. यातल्या कितीतरी जणी आल्या तेव्हा त्यांना कुठलंच अक्षर येत नव्हतं.

जुन्या कराराची हिब्रू ही मुळात घरची आणि शेताची भाषा आहे. मायिम म्हणजे पाणी. लेहेम म्हणजे भाकर. बेएर म्हणजे विहीर. आयिन म्हणजे डोळा, आणि झऱ्यालाही आयिनच म्हणतात, जणू जमिनीचा डोळा. केडगावच्या कोरड्या माळावर विहिरी खणणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायला फार वेळ लागू नये. यातोम म्हणजे अनाथ, अल्मना म्हणजे विधवा, गेर म्हणजे परका, आश्रयाला आलेला. अनुवादाच्या पुस्तकात हे तीन शब्द पुन्हा पुन्हा एका रांगेत येतात. शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नको, ती या तिघांची, असं चोविसाव्या अध्यायात आहे. रमाबाई मान वर करून खिडकीबाहेर बघत असतील तर अंगणात यातोम होते, अल्मना होत्या आणि लांबच्या मुलखातून आलेले गेरही होते, दोन हजारांच्या आसपास.

इथं जरा माझं सांगतो. मी मेढ्यात घरून काम करतो. दिवसभर कोडमध्ये असतो, आणि हिब्रूची ओळ टाइप करायला घेतली की कर्सर उलटा पळतो, ती एक गंमतच आहे. दीड वर्षापूर्वी घरात चिठ्ठ्या लावल्या. माठावर मायिम, भाकरीच्या डब्यावर लेहेम, मिठाच्या बरणीवर मेलाह, दिव्याच्या बटणाजवळ ओर, दारावर देलेत. आई आधी हसली. आता तवा उतरवला की आतून हाक येते, लेहेम झाली रे, ये. पुस्तकातून पाठ केलेले शब्द आठवड्यात जायचे, हे मात्र टिकले. आणि पुढे लक्षात आलं की कितीतरी शब्दांचे भाऊबंद आपल्याकडे आधीच आहेत, अरबीच्या वाटेनं आलेले. यातोम आणि यतीम. हिब्रूत काताव म्हणजे त्यानं लिहिलं, आपल्याकडे किताब. हाशाव म्हणजे विचार केला, मोजलं, आपल्याकडे हिशेब. हाखाम म्हणजे शहाणा, आपल्याकडे हकीम. याराश म्हणजे वतन ताब्यात घेतलं, आपल्याकडे वारस आणि वारसा. वचनदत्त देशाबद्दल मोशे बोलतो तेव्हा हेच क्रियापद वापरतो, आणि आपल्या तहसील कचेरीत सातबाऱ्यावर वारस लावायला जातात तोही त्याच कुळातला शब्द. रेहेम म्हणजे आईचं गर्भाशय, त्याच धातूतून रहमीम म्हणजे दया. रहम हा शब्द तर हिंदी सिनेमातून सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या मुळाशी आईचं पोट आहे हे कळल्यावर स्तोत्रं वाचताना मी थांबायला लागलो.

रमाबाईंकडे परत येतो. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हिब्रू येणं ही नाही. त्या काळी हिब्रू येणारे मिशनरी होतेच. गोष्ट अशी, की ज्या बाईच्या तोंडात संस्कृत शब्दांचा डोंगर होता, ज्या संस्कृताच्या जोरावर तिला पंडिता म्हणून मान मिळाला होता, तिनं भाषांतर करताना ते शब्द बाजूला ठेवले. आधीच्या मराठी शास्त्राची भाषा त्यांना जड वाटत होती. एक तर ती दुष्काळातून आलेल्या, पंचविशीत अक्षर गिरवणाऱ्या बाईला कळत नव्हती. दुसरं, संस्कृतातून घेतलेले धार्मिक शब्द रिकामे येत नाहीत, त्यांच्यासोबत त्यांचा जुना अर्थ येतो, आणि त्या अर्थाची जाण जेवढी पुराणिकाच्या मुलीला तेवढी दुसऱ्या कुणाला असणार? संस्कृतातलं पवित्र शास्त्र हातात घेऊन बाजूला ठेवणारी मुलगी तीच होती. म्हणून साधी, चुलीपाशी बोलतात तशी मराठी. माझ्या मते हा त्याग सदनातल्या साध्या जेवणापेक्षा आणि जाड्याभरड्या कपड्यांपेक्षा मोठा होता. कपडे बदलता येतात. जी विद्या आईनं पहाटे कुशीत घेऊन दिली, ती मुद्दाम न वापरणं अवघड आहे.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. एलिएझर बेन-येहूदा, ज्यांनी हिब्रू पुन्हा बोलती केली, त्यांचाही जन्म १८५८ चा आणि मृत्यू १९२२ चा. वर्षं तीच. १८८१ साली ते पॅलेस्टाईनला गेले, आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला तेव्हा ठरवलं, घरात फक्त हिब्रू. त्या मुलाच्या कानावर दुसरी भाषा पडू द्यायची नाही. शास्त्राच्या भाषेत टॉवेलला शब्द नाही, शब्दकोशाला नाही, आइस्क्रीमला नाही, तर जुने धातू शोधून ते घडवायचे. ते शास्त्राची भाषा घेऊन स्वयंपाकघराकडे चालले होते आणि रमाबाई स्वयंपाकघरातली भाषा घेऊन शास्त्राकडे. दोघांना एकमेकांचं नाव माहीत असण्याचंही कारण नव्हतं. बेन-येहूदांचं घर कडक होतं, त्या मुलाच्या एकटेपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. रमाबाईंच्या घरात मात्र दोन हजार जणी होत्या आणि त्या आपापली बोली घेऊन आल्या होत्या. मराठी, गुजराती, हिंदी, सगळा गलका.

१९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. तोवर तब्येत खालावली होती. मनोरमा हाताशी होती, शाळा तीच सांभाळत होती, पुढे मुक्ती तिनंच चालवायची असं ठरल्यासारखं होतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. बाप, आई, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, बहिऱ्या, आजारी, आणि जुन्या कराराची मुद्रितं तपासायची बाकी. त्या पुन्हा कामाला बसल्या. मी ही ओळ फार वेळा वाचली आहे आणि अजूनही तिच्यावर काय बोलावं ते सुचत नाही.

शेवटी शेवटी काम पुरं व्हायला दहा दिवस लागतील असा अंदाज आला, तेव्हा तेवढेच दिवस त्यांनी प्रभूपाशी मागितले, अशी आठवण सांगतात. मुद्रितं तपासून झाली. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या. पुस्तक छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून, त्यांच्याच मुलींच्या हातून. एकट्या बाईनं मूळ भाषांतून अख्खं पवित्र शास्त्र उतरवल्याचं उदाहरण त्याआधी अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांचं आहे, १८७६ चं. आपल्या देशात रमाबाईंचं.

मंडळ्यांमध्ये ते फारसं रुळलं नाही, हेही सांगायला हवं. रविवारी आपल्यापुढे असतं ते बायबल सोसायटीचं. एका माणसाच्या भाषांतरापेक्षा समितीच्या भाषांतरावर मंडळ्या जास्त भरवसा ठेवतात, त्यात चूकही काही नाही. तरी तुमच्या घरात आजीच्या पेटीत मुक्तीची जुनी प्रत असेल तर ती रद्दीत घालू नका. काढून, पुसून, आजची सहा वचनं त्यातून एकदा मोठ्यानं वाचा. आजूबाजूला कुणी कमी ऐकू येणारं म्हातारं माणूस असेल तर त्याच्या जवळ बसून वाचा.

मोशेच्या या पुस्तकाला मराठीत अनुवाद म्हणतात. अर्थ आहे पुन्हा सांगणं. आपण रोजच्या बोलण्यात भाषांतरालाही अनुवादच म्हणतो, हे आज लिहिताना प्रथमच ध्यानात आलं.

उद्याचं वाचन रूथ १:१-५. पहिल्याच वचनात दुष्काळ आहे, आणि तो बेथलेहेमकरांना गाव सोडायला लावतो. बेथ म्हणजे घर. लेहेम तुम्हाला आता माहीत आहे.